पहिल्या रिमांडच्या आधी

खून, दरोडा किंवा बलात्काराच्या आरोपाखाली घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं की नातेवाइकांची पहिली धाव बहुधा ओळखीच्या पुढाऱ्याकडे असते. 'वकिलाचं नंतर, दोषारोपपत्र आल्यावर बघू' असं कुणीतरी सांगतं आणि घाबरलेलं घर ते ऐकतं. याच्याइतकं नुकसान दुसरा कुठलाच गैरसमज करत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं, मग रविवार असो की दिवाळी. पोलीस कोठडी द्यायची का आणि किती दिवस, हे तिथे ठरतं; यालाच रिमांड म्हणतात. तपास अधिकारी कोठडीची कारणं मांडत असताना ती खोडून काढणारं कुणी नसेल, तर ती हजेरी परत मिळत नाही.

'वकिलाला पैसे नाहीत' ही अडचण खरी आहे, पण त्यावर कायद्यातच उपाय आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं किंवा 15100 वर फोन करावा. मुंबईच्या कोठड्यांमधल्या स्त्रियांची अवस्था पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवली होती. अटक होताच पोलिसांनी विधी साहाय्य समितीला कळवावं, असं न्यायालयाने 1983 मध्ये त्याच प्रकरणात बजावलं.

अटक का झाली हे पोलीस सांगतील तेव्हाच कळणार, असं धरून चालू नये. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं की, कुठल्याही गुन्ह्यातल्या अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची. लगेच शक्य नसेल तर निदान रिमांडच्या दोन तास आधी. हा कागद मागून घ्यावा आणि वकिलाला दाखवावा. अटक पंचनाम्यावरची वेळही तपासावी, कारण 24 तासांचा हिशेब तिथून लागतो. ठाण्यात आधीच बसवून ठेवलं असेल, तर ती वेळ वकिलाला वेगळी सांगावी.

'गप्प बसला म्हणजे गुन्हा केलाच असणार' हे लोक म्हणतात, कायदा म्हणत नाही. नाव-पत्ता खरा द्यावा. पण स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर देण्याची सक्ती राज्यघटनेच्या कलम 20(3) मुळे करता येत नाही. नंदिनी सत्पथी प्रकरणात 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलीस चौकशीलाही लागू असल्याचं म्हटलं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. तपासातल्या जबाबावर सही घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नये.

'पोलिसांपुढे कबूल केलं, आता संपलं' असंही समजू नये. पोलिसांपुढची कबुली एरवी पुरावा ठरत नाही. पण तिच्यातून हत्यार किंवा माल सापडला, तर तेवढा भाग पुराव्यात येतो आणि खटले पुष्कळदा या जप्तीच्या पंचनाम्यावरच उभे राहतात. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुलीही, ठरलेली पद्धत पाळली असेल तर, ग्राह्य धरतात. मारहाण झाली असेल तर मॅजिस्ट्रेट 'पोलिसांबद्दल तक्रार आहे का?' विचारतात तेव्हा स्पष्ट सांगावं, जखमा दाखवाव्यात, वैद्यकीय तपासणी मागावी.

न्यायालयीन कोठडी (एमसीआर) झाली की पोलीस कोठडी (पीसीआर) कायमची संपली, ही समजूत आता जुनी झाली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांचीच आहे. पण गुन्ह्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत ती तुकड्यातुकड्यांनी मागता येते. म्हणून तुरुंगात गेल्यावरही वकिलाशी संपर्क तुटू देऊ नये.

अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो हक्काने मिळत नाही, न्यायालय विचार करून देतं. दहशतवादविरोधी यूएपीए, मोक्का, अमली पदार्थांचे कायदे इथे अटी फार कडक आहेत. जामिनाच्या आशेवर खरं पाणी फिरवतात ते कधीकधी घरचेच: फिर्यादीला समजवायला जातात, साक्षीदाराला फोन करतात, आरोपीच्या मोबाईलमधले मेसेज पुसतात. साक्षीदारांवर दबाव आणि पुरावा नष्ट होण्याची भीती हीच जामिनाला विरोध करणारी नेहमीची कारणं असतात. पुरावा पुसणारा स्वतःही आरोपी होतो.

रिमांडच्या दिवसापासून दिवस मोजत राहावेत. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत, इतर गुन्ह्यांत 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढते. रिमांडचा पहिला दिवसही मोजायचा असतो. पण हा जामीन मागावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर हक्क जातो. म्हणून मुदत संपल्यावर कोर्ट उघडताच अर्ज तयार हवा.