नवी आवृत्ति आणि जुनें गाणें

कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) यांनीं आपल्या आयुष्याचा मोठा भाग बारामतीस बाबूजी नाईक यांच्या आश्रयानें घालविला. त्या काळीं ग्रंथ हातानें उतरून घेत. लेखनिकाची एक मात्रा चुकली कीं आर्येची चाल मोडे. पण प्रत मुळाबरहुकूम असली, तर दुसरा निष्णात लेखनिक आणल्यानें ती आर्या अधिक गोड होत नसे. घरांतील संगणकावर साठविलेल्या संगीतालाही हाच न्याय लागू पडतो.

संगणकांत गाणें आंकड्यांच्या रूपानें राहतें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीवर ध्वनीचें माप प्रत्येक सेकंदास ४४,१०० वेळां घेतलेलें असतें, व प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एकीवर बसविलेलें असतें. म्यूझिक सर्व्हर नांवाचें सॉफ्टवेअर हे आंकडे काढून पुढें धाडतें. त्यांचा पुन्हा ध्वनि करण्याचें काम 'डॅक' नांवाचें उपकरण करतें. सर्व्हर हा लेखनिक. डॅक हा वाचक.

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति घेतल्यानें आवाज सुधारतो काय? जुनी आवृत्ति आंकडे बदलीत असेल, तरच सुधारतो. असे बदल मुख्यतः तीन. पहिला, सेकंदाचीं ४४,१०० मापें विनाकारण ४८,००० करणें. हें गणित ओबडधोबड असल्यास ध्वनि किंचित् गढूळ होतो. दुसरा, आवाज लहान करतांना आंकडेच छाटणें. सोळा बिटांच्या हिशेबांत आवाजाची उंची निम्मी केली कीं एक बिट गळतो. चोवीस वा बत्तीस बिटांत हिशेब करणारी आवृत्ति, डॅकही चोवीस बिटांचा असल्यास, हें नुकसान टाळते. तिसरा, दोन भागांत मुद्रित केलेल्या एकाच रागाच्या मध्यें क्षणभर खंड पाडणें.

हे दोष नसतील, तर नव्या आवृत्तीचा लाभ सोयीपुरताच. पूर्वीं लॉजिटेक मीडिया सर्व्हर या नांवानें ओळखला जाणारा, व २०२४ पासून लायरियन म्यूझिक सर्व्हर म्हणविला जाणारा सर्व्हर विनामूल्य मिळतो. म्हणून खर्च करण्यापूर्वीं परीक्षा करून पाहणें सहज शक्य आहे. प्रथम संग्रहाची दुसरी प्रत ठेवावी. मग एकच गाणें जुन्या व नव्या आवृत्तींतून, अगदीं सारख्या मोठेपणानें, ऐकावें. कारण जरा मोठा आवाज कानास बहुधा चांगला भासतो. कोणती आवृत्ति चालू आहे हें ऐकणारास कळूं देऊं नये. भेद ओळखतां आला नाहीं, तर पैसा राखून ठेवावा आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढें ओढून, उघड्या फरशीवर सतरंजी अंथरून पाहावें. हा फरक बहुधा कोणासही ऐकूं येतो.

एका गोष्टींत मात्र हयगय नको. इंदापूर-बारामतीच्या गांवांतून कोणाच्या घरीं आजीच्या ओव्यांची कॅसेट असेल, तर ती उतरतांना फ्लॅक या पद्धतीनें साठवावी. तींत आंकड्यांची घडी घातली जाते, पण कांहीं टाकलें जात नाहीं. एमपीथ्री जागा वाचविण्यासाठीं ध्वनीचा कांहीं अंश टाकून देतें, आणि टाकलेला अंश पुढील कोणतीही आवृत्ति परत आणूं शकत नाहीं. लेखनिक पुढेंमागें बदलतां येईल. मूळ पोथी मात्र आजच नीट उतरली पाहिजे.