जळका वास, अंड्याचा वास आणि वासच नसलेला वायू

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की नाशिकच्या घराघरांत माळ्यावरचा हीटर खाली येतो. मागच्या डिसेंबरात शेजारच्या काकूंनी सकाळी सहालाच आमची बेल वाजवली. "अगं, हीटरला जळका वास येतोय, जरा बघ ना!" जाऊन पाहिलं तर दहा महिने पडून राहिलेल्या हीटरच्या कॉइलवर धूळ बसली होती आणि तीच जळत होती. पाच-सात मिनिटांत वास गेला. मग हात धुवायला बाथरूममध्ये गेले. थंडी येऊ नये म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर आतून पुठ्ठा चिकटवला होता, आणि त्याच्याच शेजारी भिंतीवर गॅस गीझर. मी त्याकडे बघतेय हे पाहून काकू म्हणाल्या, "तो छान चालतो हं, त्याला कसलाच वास येत नाही."

त्या एका वाक्यासाठी हे लिहायला बसले. वासाला आपण घाबरतो ते बरोबरच आहे, पण कुठल्या वासाला किती घाबरायचं याचा हिशोब आपल्याकडे चुकलेला आहे.

"जळका वास आला म्हणजे हीटर गेला"

हंगामात पहिल्यांदा लावलेल्या हीटरला करपट वास येणारच. प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसून घेतला आणि पहिली दहा मिनिटं खिडकी उघडी ठेवली की झालं. प्लॅस्टिक वितळल्यासारखा किंवा चक्क मासळीसारखा वास आला, तर मात्र हीटरकडे न बघता प्लग आणि बोर्डाकडे बघा. तापलेल्या स्विच-सॉकेटच्या प्लॅस्टिकला पुष्कळदा असाच वास येतो, आणि लोक मेलेला उंदीर शोधत घर पालथं घालतात. 2000 वॅटचा हीटर जवळजवळ 9 अँपिअर करंट ओढतो. तो 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर किंवा मोबाइल चार्जिंगच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावला की जोड तापतो.

"तसं काही असतं तर एमसीबी पडला असता," असं इथे हमखास ऐकू येतं. एमसीबी पडतो तो करंट वाढल्यावर. सैल जोडात करंट वाढत नाही, नुसती उष्णता वाढते, म्हणून बोर्ड काळा पडेपर्यंत एमसीबी तसाच उभा राहू शकतो. असा वास आला तर प्लगला हात न लावता मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून 16 अँपिअरचं सॉकेट बसवून घ्या.

"गरम पाण्याला अंड्याचा वास, म्हणजे गॅस गळतोय"

दिवाळीच्या सुट्टीत घर बंद होतं, परत आल्यावर इलेक्ट्रिक गीझर लावला आणि बादलीतून सडक्या अंड्याचा वास आला, अशी तक्रार बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत बऱ्याचदा असते. गार पाण्याला वास नाही आणि गरमला आहे, तर दोष टाकीत आहे. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू कोमट, साचलेल्या टाकीत वाढतात. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेल्या मॅग्नेशियमच्या दांड्यामुळे त्यांचं आणखीनच फावतं. थर्मोस्टॅट 60 अंशांच्या वर नेऊन पाणी चांगलं तापवायचं आणि टाकी पूर्ण रिकामी करायची. तरीही वास राहिला तर दांडा तपासून घ्या, पण तो कायमचा काढून टाकू नका, नाहीतर टाकीच गंजेल.

वास पाण्याला नसून हवेत असेल, तर मात्र गॅसच समजून चाला. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास मुलं-माणसं गेली. त्यानंतर गॅसला वास देण्याची सक्ती झाली. सिलिंडर संपत आला की हा वास थोडा जास्त जाणवतो, कारण मरकॅप्टन तळाच्या द्रवात जास्त उरतं. पण आपल्याच मनाने तसं ठरवून गप्प बसू नका, साबणाच्या पाण्याने जोड तपासा. गळतीची शंका येताच आपल्याकडे पहिला हात एक्झॉस्ट फॅनच्या बटणावर जातो, आणि नेमकी तीच ठिणगी घात करते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कुठलंही बटण चालू नाही की बंद नाही, आणि बाहेर येऊन 1906 ला फोन. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साठतो, त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. पाइपचा गॅस हलका असतो, तो वर जातो.

"वास नाही, म्हणजे धोका नाही"

आता काकूंच्या बाथरूमकडे येते. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात तांबट आळीतून घेतलेला तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडं, खाली लाकडं, आणि धूर इतका की न्हाणीघरात बसून तो पेटवायचा विचारही कोणी करत नसे. बंब अंगणात पेटायचा आणि पाणी बादलीने आत यायचं. गॅस गीझरने तो धूर घालवला आणि त्याबरोबर आपली सावधगिरीही गेली.

जळण्यासाठी हवा लागते, आणि गीझरला ती फार लागते. सहा लिटरचा गीझर तासाला साधारण पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. दहा मिनिटांच्या आंघोळीत दीडशे ग्रॅम धरा. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे दोन हजार लिटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये सगळी मिळून आठ हजार लिटर हवा असते. एकामागून एक दोघं-तिघं आंघोळीला गेले, दार बंद, खिडकीला पुठ्ठा, की ऑक्सिजन कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं, आणि कडी काढायला उठावं म्हटलं तर उठता येत नाही. नाशिकमध्येही अशा आंघोळीत माणसं गेली आहेत. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला 29 सप्टेंबर 1902 रोजी पॅरिसमधल्या आपल्या झोपण्याच्या खोलीत गेले, तेही याच वायूने. धुराडं तुंबलं होतं.

काहींना बाथरूममध्ये झटके येतात. घरचे फिट समजून कांदा फोडून हुंगवतात, आणि पुढे वर्षानुवर्षं अपस्माराच्या गोळ्या चालू राहतात. आंघोळीच्या वेळीच फिट येत असेल, तर डॉक्टरांना गीझर कुठे आहे ते आवर्जून सांगा. करोनापासून घरोघरी असलेलं बोटाला लावायचं यंत्र इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, आणि माणूस बेशुद्ध असताना ते 98 दाखवू शकतं. त्यावर विसंबू नका. दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. साध्या हवेत हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

"एक्झॉस्ट फॅन लावतो की!" दार-खिडकी बंद असताना फॅन बाहेर काय टाकणार? हवा आत यायला वाट हवी. खरा उपाय एकच, गीझर आणि सिलिंडर दोन्ही गॅलरीत किंवा मोकळ्या डक्टमध्ये, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मग आंघोळीला बसा. ज्योत पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली, तर त्याच दिवशी गीझर बंद.

"धूर गेला, आता शेगडी आत घ्या"

बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या सालांची धुरी. तो वास मलाही आवडतो, आजीची आठवण येते. पण कोळसा लाल झाला आणि धूर थांबला म्हणजे तो निर्धोक झाला, ही समजूत साफ चुकीची आहे. धगधगणारे निखारेच कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतात, आणि धुरीच्या सुगंधात त्याचा पत्ताही लागत नाही. "आमची सगळी बाळंतपणं शेगडीवरच झाली," असं आत्या म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नाहीत. पण त्यांची बाळंतपणं कौलारू घरात झाली. तिथे फटीफटीतून वारा येत होता. आता खोलीला स्लायडिंगच्या घट्ट खिडक्या आहेत, आणि आत दहा दिवसांचं बाळ आहे.

ओव्या-शेपेची पुरचुंडी स्वयंपाकघरात तव्यावर गरम करून आणली तरी बाळंतिणीला शेक मिळतो आणि वासही तोच येतो. बाळाला गुंडाळायला दुपटं आणि टोपडं आहेच.