अद्भुताची कसोटी

नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या पुस्तकांवरील अभिप्रायांत ‘खिळवून ठेवणारे’, ‘अंगावर काटा आणणारे’ ही विशेषणे वारंवार भेटतात. माझ्या मते ही वाचकाची दाद झाली; समीक्षा नव्हे. ‘असे घडू शकते का?’ हा प्रश्नही अद्भुताला पुरत नाही. लेखकाने स्वतः घालून दिलेला नियम शेवटपर्यंत पाळला का, हे पाहावे लागते.

विज्ञानकथेत तो नियम विज्ञान पुरवते. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे एकच तथ्य माणसांची वये आणि नाती उलटीपालटी करू शकते. ते काढूनही कथा तशीच उभी राहिली, तर विज्ञान केवळ नेपथ्य ठरते. भयकथेत अनिष्ट शक्तीला मर्यादा हवी. ती नसेल तर झुंज संपते आणि तिच्यासोबत भयही. अद्भुतकथेतल्या जादूला काही मोल मोजावे लागले पाहिजे.

1974 साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. पुढे 2014 चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्यांना मिळाला, तो मात्र आत्मचरित्रासाठी. विज्ञानकथेचे साहित्य म्हणून मोजमाप करायचे, तर कसोट्याही तिच्याच हव्यात.