नांगरलेल्या रानाखालचे आवे

१९५८ साली इंग्लंडमधल्या वॉटर न्यूटनजवळ, नांगरलेल्या रानात, मार्टिन एटकन हे ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एक बाटली घेऊन उतरले. बाटलीत द्रव, भोवती तारेची गुंडाळी. शेजारून जाणारा ए-१ हमरस्ता रुंद होणार होता. इथंच ड्युरोब्रिव्ही हे रोमन नगर होतं आणि त्याच्या परिसरात कुंभारांचे आवे होते. ते नेमके कुठं आहेत, हे यंत्रं रानात शिरण्याआधी सांगता येईल का, असं पुरातत्त्वज्ञ ग्रॅहम वेबस्टर यांनी विचारलं होतं. बाटलीनं ते सांगितलं. तिनं दाखवलेल्या जागी खणल्यावर आवा सापडला.

मातीत लोहाचे कण असतात. आवा सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापून निवला, की पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची त्या वेळची दिशा त्या कणांत गोठते. आग विझून दीड हजार वर्षं झाली तरी ती टिकते. बाटलीतल्या द्रवातले प्रोटॉन चुंबकक्षेत्राच्या जोराप्रमाणे सेकंदाला सुमारे दोन हजार वेळा डोलतात. आव्यावर आलं की हा ठेका किंचित बदलतो. इंग्लंडमध्ये पृथ्वीचं क्षेत्र अठ्ठेचाळीस हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असतं. आवा त्यात शेकड्यांची भर घालतो, बुजलेला चर जेमतेम पाच-दहाची. एवढ्याशा फरकावर हे सगळं शास्त्र उभं आहे, याचं मला आजही नवल वाटतं.

चर तर कुणी भाजलेला नसतो, मग तो कसा दिसतो? वस्तीतल्या चुलींनी आणि कुजणाऱ्या केरकचऱ्यानं वरची माती खालच्या मातीपेक्षा अधिक चुंबकीय झालेली असते. तीच हळूहळू चरात साठते. आपल्याकडे जुन्या वस्तीची जागा गावकरी मातीच्या रंगावरून ओळखतात, तिला ‘पांढर’ म्हणतात. डोळ्याला न दिसणारी पांढर हे यंत्र वाचतं.

विजेचा मार्ग याहून जुना. १९४६ मध्ये रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी टेम्सकाठच्या डॉर्चेस्टरला, वाळू-खडीच्या खाणीत जाऊ घातलेल्या जागेवर, जमिनीत सळ्या रोवून प्रवाह सोडला. बुजलेले चर ओल धरतात, म्हणून तिथं विरोध कमी भरतो.

आज चुंबकक्षेत्र मोजणारं यंत्र घेऊन माणूस एकेक मीटर अंतराच्या रेघांवर, मीटरला चार नोंदी घेत, एका लयीत चालतो. अंगावर लोखंड चालत नाही: पट्ट्याचं बक्कल नको, बुटाच्या लोखंडी कड्या नकोत. संध्याकाळी पडद्यावर करड्या रंगात वाडे, वाटा, गोल घरांचे चर उमटतात. पण बांधकामाआधी हे करायचं, अशी रीत पडायला फार उशीर झाला. १९८९ मध्ये लंडनला कार्यालयाच्या इमारतीसाठी खोदताना शेक्सपिअरच्या काळातलं रोझ नाट्यगृह निघालं, तेव्हा नट-नट्या रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी ‘पीपीजी १६’ हे सरकारी मार्गदर्शन आलं. त्यानुसार बांधकामाच्या परवानगीचा निर्णय होण्याआधी जमिनीखाली काय आहे ते पाहायचं आणि खर्च बांधणाऱ्यानं सोसायचा. मला हे न्याय्य वाटतं. शिवाय चित्र हाती असलं, तर इमारत चार हात सरकवून अवशेष जागच्या जागी राखता येतात. एरवी वाचवण्यासाठीही उकरावंच लागतं.

मात्र कोरं चित्र पाहून कुणी निर्धास्त होऊ नये. काटेरी तारेचं कुंपण आपल्याभोवतीचं सगळं झाकतं. नदीच्या जाड गाळाखालचं दिसत नाही. बेसाल्ट तर स्वतःच चुंबकीय, म्हणजे दख्खनच्या पठारावर या यंत्राची कसोटीच. आणि थडगं बहुधा निसटतं, कारण खड्ड्यातून काढलेली माती लगेच त्याच खड्ड्यात परत जाते.

म्हणून चित्र कोरं असलं तरी चाचणीचे चर खणले जातात. खोदयंत्राला दात नसलेलं सपाट बकेट लावतात आणि माती पातळ थरांनी सोलत जातात. शेजारी पुरातत्त्वज्ञ उभा असतो. मातीचा रंग बदलला की तो हात वर करतो आणि यंत्र थांबतं.