झाकली मूठ कुणाच्या फायद्याची?

जेईई मेनच्या दोन्ही सत्रांना बसलं, तर वरचढ स्कोअर आपोआप धरला जातो. पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांना मात्र सॅटचा कुठला निकाल पाठवायचा, हे बहुतेक ठिकाणी स्वतःच ठरवावं लागतं. घरचा सल्ला ठरलेला : कमी गुणांचा दाबून टाक, झाकली मूठ सव्वा लाखाची!

हा सल्ला अनेकदा अंगाशी येतो. समजा, मार्चमध्ये इंग्रजीत ७२० आणि गणितात ६९० मिळाले, बेरीज १४१०. ऑगस्टमध्ये इंग्रजी ६८०वर घसरलं, गणित ७७०वर गेलं, बेरीज १४५०. घरच्यांच्या लेखी मार्चचा निकाल बाद. पण एमआयटीसारख्या संस्था ‘सुपरस्कोअर’ धरतात, म्हणजे प्रत्येक विभागातले सर्वोत्तम गुण, मग ते कुठल्या का तारखेचे असेनात. दोन्ही निकाल पाठवले तर ७२० अधिक ७७०, म्हणजे थेट १४९०. नुसतं गणित पाठवायची सोय नाही. एका तारखेचा निकाल जातो तो अख्खा.

जॉर्जटाउनला सगळेच निकाल लागतात, तर कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश देताना सॅट बघतच नाही. तिथे डोकेफोड नको.

खरी मेख आहे ती गुण पाठवणं ऐच्छिक असलेल्या कॉलेजांत. तिथल्या मधल्या ५० टक्के विद्यार्थ्यांच्या गुणांचा पट्टा छापलेला असतो. आपलं मूल त्याखाली दिसलं की पालक निकाल गुंडाळून ठेवतात. पण हा पट्टा फक्त गुण पाठवणाऱ्यांचा! कमी गुणवाले आधीच गप्प बसलेले, म्हणून आकडा फुगतो. तो बघून पुढच्या वर्षी आणखी मुलं गप्प बसतात. डार्टमथने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, त्यामागे हेही एक कारण होतं. बेताच्या परिस्थितीतल्या काही मुलांनी लपवलेले गुण त्यांच्या शाळेच्या मानाने उत्तम होते आणि प्रवेशाला उपयोगीच पडले असते. म्हणून पट्ट्याच्या किंचित खालचा निकालही, शाळेत तो उठून दिसत असेल, तर मी पाठवायलाच सांगेन.

परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत चार ठिकाणी निकाल फुकट पाठवता येतो, पण तेव्हा गुण हाती आलेले नसतात. त्या मोहात पडण्याआधी प्रत्येक कॉलेजचं यंदाचं धोरण त्याच्याच संकेतस्थळावर वाचा. क्लासवाल्यांच्या गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका.