रेषेच्या अलीकडे

२४ जून १९९९ रोजी कारगिलच्या टायगर हिलवर लेझरने नेम धरलेला बॉम्ब पडला. तो विंग कमांडर रघुनाथ नांबियार यांच्या मिराज-२००० विमानातून सुटला होता. त्या वेळी त्या आकाशात आणखी एक दोन आसनी मिराज होते आणि त्यात खुद्द हवाई दलाचे प्रमुख बसले होते: एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस, वय ५८. भूदलातील जनरलच्या बरोबरीचा हा हुद्दा. एवढ्या पदावरचा माणूस युद्धकाळात दिल्लीतल्या मुख्यालयात असतो, आणि तिथेच असावा असे नियमही सांगेल. तरीही टिपणीस वर गेले. ते का गेले असावेत, हे समजायला त्याआधीचे पाच आठवडे पाहावे लागतात. माझ्या मते मराठी माणसाच्या हाती आलेल्या लष्करी नेतृत्वाचा हा सर्वांत अवघड काळ होता, आणि आपल्याकडे त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

देवासच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. ज्या मिराज विमानांनी कारगिलची हवाई लढाई फिरवली, ती आपल्याच आग्रा-मुंबई रस्त्यावर शाजापूर, गुना, शिवपुरी ओलांडून लागणाऱ्या ग्वाल्हेरची. शिंद्यांच्या त्या राजधानीजवळचा महाराजपूर तळ हे त्यांचे घर. ज्या पंतप्रधानांनी या लढाईची चौकट आखली, ते अटलबिहारी वाजपेयीही ग्वाल्हेरचेच, उत्तम मराठी बोलणारे. आणि ज्या गोष्टीवर ही सगळी कथा उभी आहे, ती म्हणजे एक रेषा. देवासला रेषेचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली, बाजारपेठेतून हद्द गेली, आणि १९४८ पर्यंत इथल्या माणसाला रस्ता ओलांडला की राजा बदलत असे.

टिपणीसांचा जन्म १५ सप्टेंबर १९४०चा. १९६० मध्ये ते लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात दाखल झाले. त्यांच्या आधी हृषीकेश मुळगावकर आणि लक्ष्मण माधव कात्रे हे दोन मराठी अधिकारी हवाई दलाचे प्रमुख झाले होते. मुळगावकरांना १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीसाठी महावीरचक्र मिळाले होते. कात्र्यांची आठवण इथे वेगळ्या कारणाने काढायला हवी. त्यांच्याच कारकिर्दीत, २९ जून १९८५ रोजी, पहिली सात मिराज विमाने ग्वाल्हेरच्या ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. हवाई दलाने त्यांना 'वज्र' हे नाव दिले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १ जुलैला, कात्र्यांचे पदावर असतानाच निधन झाले. त्या विमानांची खरी कसोटी त्यांना पाहता आली नाही. ती चौदा वर्षांनी लागली, तेव्हा प्रमुखपदी टिपणीस होते.

३१ डिसेंबर १९९८ रोजी त्यांनी सूत्रे घेतली. पाचच महिन्यांत कारगिल पेटले. मे महिन्यात भूदलाने नियंत्रण रेषेच्या अलीकडे शिखरांवर बसलेल्या पाकिस्तानी घुसखोरांवर मारा करण्यासाठी सशस्त्र हेलिकॉप्टरे मागितली. टिपणीसांनी दोन मुद्दे मांडले. हल्ल्यासाठीची एमआय-३५ हेलिकॉप्टरे इतक्या उंचीवर लढू शकत नाहीत, हा पहिला. हवाई दल आक्रमणासाठी वापरणे म्हणजे युद्धाची पायरी चढणे, आणि त्याची परवानगी सरकारने द्यायची असते, सेनादलांनी आपसात ठरवायची नसते, हा दुसरा. यावरून पुढे बराच कडवटपणा आला. हवाई दलाने चालढकल केली, असे भूदलातल्या अनेकांना वाटले. तेव्हाचे भूदलप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांचे पुस्तक २००६ मध्ये आले, आणि त्याच वर्षी टिपणीसांनीही आपली बाजू लिहून प्रसिद्ध केली.

उघड्या उतारावर, वरून गोळ्या झेलत चढणाऱ्या जवानासाठी एकेक दिवस किती मोठा होता, हे मी विसरू शकत नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर भूदलाचा राग रास्त आहे. पण टिपणीसांचा आग्रह मला चालढकल वाटत नाही. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी वर्षभरापूर्वीच अणुचाचण्या केलेल्या होत्या. काश्मीरच्या आकाशात १९७१ नंतर प्रथमच लढाऊ विमाने मारा करणार होती. तो निर्णय लोकांनी निवडलेल्या सरकारच्या टेबलावर व्हावा, असे सेनाप्रमुखाने म्हणणे हे त्याचे कर्तव्यच होते.

दरम्यान २१ मे रोजी टेहळणीला गेलेल्या कॅनबेरा विमानाला बटालिकवर क्षेपणास्त्र लागले. वैमानिकाने ते एका इंजिनावर श्रीनगरला सुखरूप उतरवले. शत्रूकडे खांद्यावरून डागायची स्टिंगरसारखी क्षेपणास्त्रे आहेत, हे त्या दिवशी उघड झाले. २५ मेच्या मंत्रिमंडळ समितीच्या बैठकीत परवानगी मिळाली. नियंत्रण रेषा ओलांडता येईल का, असे टिपणीसांनी विचारले, तेव्हा वाजपेयींनी ठाम नकार दिला. मोहिमेचे नाव ठरले 'सफेद सागर'.

२६ मेच्या पहाटे हल्ले सुरू झाले, आणि पुढचे दोन दिवस भयंकर गेले. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांच्या मिग-२७चे इंजिन बंद पडले. ते छत्रीने उतरले आणि पाकिस्तानच्या हाती सापडले. त्यांचा शोध घेत थांबलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले. आहुजा परतले नाहीत. २८ मे रोजी तोलोलिंगवर एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले आणि चौघेही गेले: राजीव पुंडीर, एस. मुहिलन, पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि आर. के. साहू. क्षेपणास्त्राला चकवणारी, जळत्या गोळ्या सोडणारी यंत्रणा त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. एमआय-१७ माऱ्यासाठी द्यायला टिपणीस अखेर राजी झाले होते, आणि मोहिमेच्या तिसऱ्याच दिवशी ही बातमी आली. सेनापतीच्या आयुष्यात याहून जड दिवस कोणता असेल, मला सांगता येत नाही.

इथून जे घडले, ते नीट पाहण्यासारखे आहे. सखल प्रदेशात स्टिंगरपासून वाचायला काही किलोमीटर उंचीवरून उडाले तरी पुरते. पण इथे स्टिंगर धरणारा माणूसच १६-१७ हजार फुटांवर उभा. त्यामुळे विमानांना आणखी कितीतरी वर जावे लागले, आणि तिथून बर्फात दडलेले तंबू टिपायचे होते. विरळ हवेत बॉम्ब नेहमीच्या गणिताने पडत नाही. मैदानासाठी तयार केलेले तक्ते तिथे निकामी ठरतात. विमानाचा हवेतला खरा वेगही वाढतो, म्हणून वळणाचा घेर मोठा होतो. तो घेर घ्यायचा, तर कुशीत नियंत्रण रेषा. सोयीच्या दिशेने हल्ला चढवण्याची मुभाच नव्हती. अनेकदा रेषेला समांतर यावे लागे आणि मारा करून लगेच आत वळावे लागे.

टिपणीसांच्या दलाने रेषा हटवण्याचा हट्ट धरला नाही; पद्धत बदलली. हल्ल्यातली हेलिकॉप्टरे मागे घेतली. मिग-२१च्या वैमानिकांनी हातातले जीपीएस आणि स्टॉपवॉच यांच्या मदतीने बॉम्ब टाकण्याची रीत बसवली आणि रात्रीही हल्ले केले. हे हल्ले चालवणाऱ्या पश्चिम हवाई कमांडची धुरा एअर मार्शल विनोद पटणी यांच्याकडे होती. आणि ग्वाल्हेरची मिराज पंजाबातल्या आदमपूरला हलवली गेली. तोवर या विमानांचे मुख्य काम हवाई संरक्षणाचे होते. आता त्यांच्यावर साधे बॉम्ब बसवण्याची, मग लक्ष्यावर लेझर रोखणारा इस्रायली लाइटनिंग पॉड आणि लेझरचे बॉम्ब जुळवण्याची घाई उडाली. तळावरच्या ज्या अभियंत्यांनी आणि तंत्रज्ञांनी काही दिवसांत हे उभे केले, त्यांची नावे कुठल्या स्मारकावर नाहीत. ती असायला हवी होती.

१७ जूनला बटालिक भागातला मुंथो ढालो हा शत्रूचा मोठा रसदतळ मिराजनी उद्ध्वस्त केला. शिखरांवरच्या फौजेचे अन्न आणि दारूगोळा तिथून जात असे. आणि २४ जूनला टायगर हिल. लेझरचा बॉम्ब भारतीय हवाई दलाने लढाईत पहिल्यांदाच वापरला होता. शिखरावरचे तंबूंचे ठाणे त्यात गेले. प्रमुखाने तिथे जाण्याने बॉम्बचा नेम अचूक होत नाही, हे खरे. पण आपल्या परवानगीने गेलेली माणसे परतलेली नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने त्याच आकाशात स्वतः जाणे मला समजते. ४ जुलैला भूदलाच्या जवानांनी टायगर हिल काबीज केली. चढाई त्यांची, रक्त त्यांचे. वरून आलेल्या बॉम्बने शिखर जिंकले असे हवाई दलाने म्हणू नये, आणि बॉम्बशिवायही जिंकले असते असे इतर कोणी म्हणू नये.

युद्ध संपल्यावर १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छजवळ पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान हवाई दलाच्या मिग-२१ने पाडले. तोही ताणाचा प्रसंग टिपणीसांनी निभावला. पुढे त्यांच्याच कारकिर्दीत ओडिशाचे महाचक्रीवादळ आले, २००१ मध्ये भूजचा भूकंप. ४ जानेवारी २००१ रोजी स्वदेशी हलक्या लढाऊ विमानाने, पुढे 'तेजस' झालेल्या विमानाने, बंगळुरूत पहिले उड्डाण केले. २००१च्या अखेरीस टिपणीस निवृत्त झाले. त्यांच्यानंतर प्रदीप वसंत नाईक आणि विवेक राम चौधरी हे आणखी दोन मराठी अधिकारी त्या पदावर पोहोचले.

२६ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे ग्वाल्हेरहून पुन्हा मिराज उडाली. या वेळी ती नियंत्रण रेषेपलीकडे गेली आणि त्यांनी पाकिस्तानातल्या बालाकोटवर मारा केला. तेव्हाचे हवाई दलप्रमुख बिरेंदरसिंग धनोआ १९९९ मध्ये १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. अजय आहुजा याच स्क्वाड्रनचे. वीस वर्षांपूर्वी टिपणीसांनी जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर बदलले होते, आणि ते या वेळीही सरकारनेच दिले होते.