दिवेलागण आणि घरची मुले

आज आपल्याशी थोडे घरातलेच बोलावे असा विचार आहे.

तोरण्याच्या बाजूने झड लागली की आपल्याकडे वीज जाते, हे काही मी सांगायला नको. मग आजी देवापाशी दिवा लावते आणि मुले हात जोडून शुभंकरोती म्हणतात. कोणाच्या घरी हरिपाठ होतो, कोणाकडे बुद्धवंदना, कोणाकडे नमाज. शब्द निराळे, पण वेळ तीच. मुलांना प्रार्थना कशी शिकवावी असे पालक मला विचारतात. शब्द पाठ करून घेणे सोपे आहे हो, आठ दिवसांत होते. अवघड आहे ते त्याच्या पुढचे.

माझीच गोष्ट सांगतो. धाकटा मुलगा सहा वर्षांचा होता. तो श्लोक म्हणत होता आणि मी त्याचे उच्चार सुधारत बसलो होतो. बाहेर मुसळधार पाऊस. लावणीवरून परतणारी एक म्हातारी पडवीत आडोशाला येऊन उभी राहिली. इरले असूनही अंगावरून पाणी निथळत होते. "आत्ता नाही, नंतर या," असे मी बसल्या जागेवरूनच ओरडलो. मुलगा थांबला. "बाबा, त्यांना आत बोलवायचं नाही का?" माझ्या आईने चुलीपाशी हे ऐकले. मला ती काही बोलली नाही. कोरडे लुगडे आणि कपभर चहा घेऊन उठली आणि नातवाला म्हणाली, "चल रे बाळा, कंदील धर." त्या दिवशीची प्रार्थना अर्धीच राहिली. आज मुलाला तो कंदील आठवतो. मी सुधारलेला एकही उच्चार आठवत नाही.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकाची मांडणी कधी नीट पाहिली आहे का आपण? आश्रमातली सायंप्रार्थना संपते आणि मग श्याम आईची एक आठवण सांगतो. रोज रात्री असेच. आणि त्या आठवणींतली आई शिकवते कोठे? मुलाला न्हाऊ घालताना, फुले तोडताना, जेवणाच्या पानावर! एकदा भाजी अळणी होते. वडील अवाक्षर काढत नाहीत, मुलेही मुकाट्याने जेवतात, आणि आईला ते मागाहून कळते. हा धडा घरी द्यायला पैसा लागत नाही, फार तर एखादे दिवशी मीठ विसरावे लागेल! त्याच पुस्तकात, ज्यांना अस्पृश्य मानले जाई अशा एका म्हातारीला मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. पुढे मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले, ते आपल्याला ठाऊकच आहे. आपल्या घरी पाणी प्यायला कोणाला निराळा पेला मिळतो का, हे मूल पाहत असते. तो पेला फडताळात असेल तर संध्याकाळच्या श्लोकाचा काय उपयोग?

आता करायचे काय? दिवा लावल्यावर मुलाला एवढेच विचारा, "आज कोणासाठी मागायचं?" तो म्हणेल, शेजारच्या काकूंना ताप आहे. ठीक. मग सकाळी शाळेला जाताना त्याने काकूंच्या दारात डोकावून विचारपूस केलीच पाहिजे. न केल्यास रागावू नका, पण संध्याकाळी आठवण द्या.

दुसरे, मूठ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या मुलांसाठी खेड्यांतल्या बायका मूठ मूठ धान्य बाजूला काढीत, त्याला मुष्टिफंड म्हणत. तसा एक डबा घरी ठेवा. भात शिजवायच्या आधी मुलाने त्यात एक मूठ तांदूळ टाकावेत. मूठ त्याचीच हवी, आईची नको. डबा भरला की कोणाला द्यायचा ते त्यालाच ठरवू द्या, मात्र देणे गुपचूप असावे. त्याचे मोबाईलवर फोटो काढणे मला तरी बरे वाटत नाही. घेणाऱ्याचे मूलही त्याच शाळेत असते.

एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात आपल्या डोंगरकडच्या वस्त्यांवर हंडे घेऊन चालावे लागते. पाखरांसाठी परळात पाणी ठेवायला मुलांना जरूर सांगा. पण ते पाणी कोणी, कोठून आणले तेही सांगा, आणि एक खेप मुलग्यालाही करायला लावा.

गुरुजनांना एकच विनंती. शाळेच्या परिपाठात या गोष्टींची हजेरी घेऊ नका, गुण तर मुळीच देऊ नका. कोणी किती मुठी टाकल्या असे वर्गात विचारले की ज्याच्या घरी डबाच रिकामा आहे, तो मान खाली घालतो.

काही घरी दिवेलागणीला कोणीच नसते. आईबाप शिरवळच्या कारखान्यांत पाळीला जातात आणि थोरली बहीणच घर सांभाळते. तिथे दिवेलागण सकाळी सात वाजता झाली म्हणून काही बिघडत नाही. रात्रपाळीहून आलेल्या आईला मुलाने तांब्याभर पाणी आणून द्यावे आणि मग दोघांनी मिळून दिवा लावावा.